मिरग चुकल्यावर

सूर्य मृग नक्षत्रात जातो तो दिवस ७ किंवा ८ जून. कोकणात त्याला मिरग म्हणतात. त्या दिवशी शेताच्या राखणदाराला कोंबडा द्यायचा, घरी वडे-सागोती करायची आणि तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, तयारी ठेवायची. पाऊस आलेला असायचा, नाहीतर वाटेवर असायचा.

२०२३ मध्ये मुंबईत मोसमी पाऊस २५ जूनला पोचला. २०२५ मध्ये २६ मेला. गेल्या पाऊणशे वर्षांतली ही सर्वांत लवकरची तारीख. त्याआधी १९५६ मध्ये तो २९ मेला आला होता. दोन वर्षांच्या अंतराने एका महिन्याची तफावत.

हवामान खात्याने २०२० मध्ये पावसाच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. कागदावर ते जमलं. पुढे ज्यांची नावं येतील त्यांना तारीख अशी बदलता येत नाही. त्यांची तारीख अंड्यात असते, बियात असते, अंगात असते.

यातलं सगळंच नाहीसं झालेलं नाही. पण जीव एकदम जात नाही. आधी त्याची वेळ चुकते. ती चुकते आहे हे दिसत असतानाच नोंद करावी म्हणून ही यादी. ती समुद्राकडून घाटाकडे जाते. चढणीचे मासे जातात, त्याच दिशेने.

तारली.

गरिबाचा मासा. तेल इतकं, की तव्यात वेगळं घालावं लागत नाही. जास्त मिळाली तर माडांच्या मुळाशी खत म्हणून जायची. ही मूळची मलबारकडची. समुद्राचं पाणी तापत गेलं तशी ती गोव्याच्या उत्तरेला पसरली, असं कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. आमच्या बाजारात ती वाढली तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. पण केरळात २०१२ साली जी चार लाख टनांच्या घरात मिळाली होती, ती २०२१ मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा भरली नाही. थंड पाणी खालून वर येतं, त्याबरोबर वनस्पतिप्लवक फुलतं, ते खाऊन तारली जगते. खालचं पाणी वेळेवर वर आलं नाही की थवाच्या थवा उपाशी. पाटीत पडलेल्या तारलीकडे मी आता निराळ्या नजरेने बघतो. ती इथे आली हे खरं, पण राहील की अजून पुढे जाईल?

बांगडा.

हा पूर्वी पाण्याच्या वरच्या थरात थव्याने फिरायचा. पाणी काळवंडायचं, वर खळबळ उठायची, टेहळणीवाला किनाऱ्यावरून ओरडायचा आणि रापण पडायची. रापण म्हणजे किनाऱ्याने ओढायचं लांबच लांब जाळं. अख्खी वाडी दोरीला. बायका, पोरं, म्हातारे. ज्याचा हात लागला त्याला वाटा.

आता बांगडा खालच्या थरात उतरतो आहे. तळाशी जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरला तो पूर्वीपेक्षा जास्त सापडतो. रापण उथळ पाण्यातली. तिचा हात तिथवर पोचत नाही. सगळा दोष तापलेल्या पाण्याचा नाही. पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उचलले. एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला २०१७ मध्ये देशभर बंदी झाली, तरी रात्री क्षितिजावर तो पांढरा उजेड दिसला की मालवणच्या किनाऱ्यावर लोक अजून मुठी आवळतात. हवेचा दोष किती आणि माणसाचा किती, हे जाळ्यात आलेल्या माशाला विचारता येत नाही. दोन्ही एकाच पाण्यात आहेत.

पापलेट.

आमच्याकडे सरंगा. सप्टेंबर २०२३ मध्ये तो महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. साडेतेरा सेंटिमीटरहून लहान पकडायचा नाही, असा नियम आहे. बाजारात तळहाताएवढ्या पापलेटांचे ढीग लावलेले दिसतात. विकत घेऊ नका, एवढंच लिहितो.

समुद्री कासव.

ऑलिव्ह रिडले. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी खाल्ली जायची, विकली जायची. आज पिल्लं समुद्रात सोडताना बघायला शहरांतून माणसं येतात, गावात घराघरांत उतरतात. माणसाने केलेलं नुकसान माणसाने भरून काढल्याची इतकी स्वच्छ गोष्ट या किनाऱ्यावर दुसरी नाही.

मादी वाळूत शंभर-सव्वाशे अंडी पुरते, खड्डा बुजवते, अंग आपटून वाळू दाबते आणि मागे न बघता पाण्यात जाते. पिल्लू नर निघेल की मादी, हे अंडं घालताना ठरलेलं नसतं. वाळूची ऊब ठरवते. एकोणतीस-तीस अंशांच्या आसपास दोन्ही होतात. वाळू त्याहून ऊन असली की माद्या वाढतात, गार असली की नर. पस्तिशीच्या जवळ ती टिकून राहिली तर अंडी आतच मरतात. पूर्वी घरटी नोव्हेंबरपासून मिळायची. आता हंगाम पुढे सरकला आहे, असं किनाऱ्यावर पहाटे चालणारे कासवमित्र सांगतात. हंगाम पुढे गेला की अंड्यांच्या वाट्याला मार्च-एप्रिलची वाळू येते.

म्हणून घरट्यांवर सावली धरतात. मी ती बघितली आहे. कुंपणाच्या आत ओळीने खड्डे, प्रत्येकावर तारखेची पाटी, वर छप्पर. पिल्लं बाहेर येतात, टोपलीतून पाण्याच्या कडेला नेली जातात, दोरीच्या अलीकडे माणसं श्वास धरून उभी. पिल्लं लाटेकडे धावतात. त्यांत नर किती, हे कुणालाच दिसत नाही. कासवाचं पिल्लू बाहेरून बघून नर-मादी ओळखता येत नाही. उत्सव डोळ्यांसमोर चालू असतो आणि उणीव असलीच तर ती कित्येक वर्षांनी, दूर समुद्रात, जोडीदार न मिळालेल्या मादीला कळणार असते.

एक नोंद दुसऱ्या बाजूचीही केली पाहिजे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण बांधलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात, साडेतीन हजार किलोमीटरांच्या आसपासची वाट. गुहागरच्या वाळूवर तिने खड्डा खणला तेव्हा रात्र होती, भरती होती, सगळं जिथल्या तिथे होतं.

कोरगूट.

गोव्याच्या खाजन शेतातलं भात. भरतीच्या पातळीखालची ही जमीन, मातीच्या बांधांनी खाडीपासून राखलेली. बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. पहिले पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतात, मग कोरगूट पेरतात. उरलेलं मीठ ते सोसतं. पण पावसाने मधेच उघडीप दिली की मीठ पुन्हा वर येतं. समुद्र वाढतो आहे, बांध बांधणारे हात कमी झाले आहेत. एकदा बांध फुटला आणि दोन वर्षं तसाच राहिला, की त्या शेतात कांदळ उगवतं. कांदळाचा राग नाही, तेही लागतंच. पण सोसणारं बी पेरलंच गेलं नाही तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते रुजत नाही. आमच्या बाजूचं वालय, बेळा, सोरटी, पाटणी ही भातंही अशीच गेली. कणगीत होती तोवर होती.

चढणीचे मासे.

इथे थोडं थांबतो. ही यादी लिहायला घेतली ती यांच्यासाठी.

पहिला मोठा पाऊस पडला की व्हाळ, म्हणजे ओढा, तांबडा होऊन यायचा. उन्हाळाभर नदीच्या कोंडीत तग धरून राहिलेले मासे त्या पाण्याच्या वासाने उलटे निघायचे. नदीतून व्हाळात, व्हाळातून पाणंदीत, पाणंदीतून मळ्यात. पोटात गाबोळी, म्हणजे अंडी. मळ्यातलं पाणी उथळ, कोमट, मोठ्या माशांपासून सुरक्षित. पिल्लांना खायला बारीक जीव भरपूर. लावणी होईपर्यंत पिल्लं बोटाएवढी व्हायची आणि पाणी उतरू लागलं की खाली परतायची. शिंगटी, मळ्ये, खवल, मरळ, वाम. वाम गवतावरूनसुद्धा सरपटत पुढे जाताना मी पाहिली आहे.

रात्री कुणीतरी अंगणातून हाक द्यायचं, मासे चढले! मग बत्त्या निघायच्या. व्हाळाच्या अरुंद जागी बांबूची खोयन लावायची, कुणाकडे पाग, कुणाकडे नुसती कोयती. आम्हीही धरले, खाल्ले. गाबोळीची चव अजून जिभेवर आहे. एका रात्रीत पोटभर अंडी असलेले मासे इतके मारायचे नसतात, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तो वाटा आमचा.

बाकीचा वाटा असा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, पश्चिम किनाऱ्याजवळच्या भागापासून ओडिशापर्यंत, एकाच वेळी मोठ्या मुलखावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो, त्याची वाफ कधी एकदम लोटते, कधी येतच नाही. माणसाला यात दोन गोष्टी दिसतात: पूर आणि उघडीप. माशाला त्यात एकच दिसते: खोटी हाक.

२०२५ च्या मेअखेरीस तेच झालं. व्हाळ तांबडा आला, मासे चढले. मग पाऊस थांबला. जूनचे पहिले दोन आठवडे जवळजवळ कोरडे गेले. एका मळ्यात बांधाच्या कोपऱ्यात खोरंभर पाणी उरलं होतं. त्यात बोटाच्या पेराएवढी पिल्लं तोंड वर काढून हवा घेत होती. वर बगळे उभे होते. बगळ्यांचा काय दोष. दोन दिवसांनी तिथे भेगा पडलेली माती होती आणि भेगांत चांदीसारखं काहीतरी चमकत होतं.

मळेही आता फार उरले नाहीत. पडीक आहेत, नाहीतर भराव घालून सारखे केले आहेत. व्हाळाला सिमेंटच्या भिंती बांधल्या. त्या भिंतीवरून मासा चढू शकत नाही. खोयन विणणारा माणूस आमच्या वाडीत आता नाही.

मुठे.

शेताच्या बांधातले खेकडे. बांध सिमेंटचा झाला.

मिरगाचा किडा.

लाल मखमलीचा थेंब. खरं म्हणजे किडा नाही, त्याला आठ पाय असतात, कोळ्याच्या कुळातला. वर्षभर जमिनीत. पहिल्या पावसानंतर काही दिवस वर येतो, इतर किड्यांची अंडी खातो आणि पुन्हा जातो. हातावर घेतला की पाय आखडून गोळा होतो. आम्ही काडेपेटीत गवत घालून ठेवायचो. पुढच्या पिढीतल्या एका मुलीला मी तो दाखवायचं कबूल केलं होतं. तीन वर्षं मिरगाला तिला घेऊन माळावर गेलो. चौथ्या वर्षी ती आली नाही. तिला अभ्यास होता. तणनाशकाची फवारणी झालेल्या पिवळ्या पट्ट्यात मी एकटाच शोधत राहिलो.

काजवे.

यांचं वर्ष असं: ओल्या मातीत अंडं, मग अळी. अळी महिनोन्‌महिने गोगलगायी खाऊन वाढते. मेअखेर, जूनच्या सुरुवातीला पंख. मग दोन-तीन आठवड्यांचं आयुष्य आणि त्यात उजेडाने जोडीदार शोधायचा. भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर यांच्या फांद्या एका लयीत पेटतात आणि विझतात. एकदा पाहिलं की माणूस बोलायचा थांबतो.

आता त्या दिवसांत घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. दिव्यांचे झोत झाडांवर पडतात. मादी खाली गवतात बसून वर बघत असते. झोतात तिला नराचा दिवा दिसत नाही. अळ्यांच्या मातीवरून माणसं चालतात. आणि मेमध्येच धो धो पाऊस लागला तर पंख भिजून ते खाली पडतात. हेही दोन बाजूंनी. जायचंच असेल तर चालत जा, दिवा विझवा आणि वाटेवरून खाली उतरू नका.

रातांबा.

कोकमाचं फळ. एप्रिल-मेमध्ये पिकतं, मिरगाआधी उतरवून मोकळं व्हायचं असतं. साल वेगळी करून मीठ लावायचं, रसात बुडवून उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा ऊन. अशी पुटं देत देत सोलं काळी होतात. रसाचं आगळ. बियांचं मुठेल, हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना. या सगळ्याला लागतं ते मेमधलं करकरीत ऊन. २०२५ मध्ये मेअखेर झड लागली आणि रातांबे झाडाखाली कुजले. एकटा रातांबा नव्हे, करवंदं, जांभळंही. वानर आणि खारी दोन दिवस खाली उतरून खात होती, मग तीही येईनाशी झाली.

हापूस.

याच्याविषयी पुष्कळ लिहिलं जातं, म्हणून एकच गोष्ट. डिसेंबरात मोहर येतो, फळ कणीएवढं होतं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत थंडी पुन्हा उलटून आली की त्याच फांदीवर दुसरा मोहर फुटतो. झाड नव्या मोहराच्या मागे लागतं आणि आधीची फळं सोडून देतं. याला पुनर्मोहर म्हणतात. पहाटे बागेत गेलं की पानांवर टपटप आवाज येतो. वाटतं दव पडतं आहे. मोहरावर तुडतुडे, फुलकिडे येतात म्हणून फवारणी वाढते, आणि आंब्याचं परागीभवन ज्या माश्या करतात त्याही त्या फवारणीत मरतात.

सडा.

कोकणाबाहेरच्या माणसाला हा ओसाड वाटतो. जांभ्याचा सपाट कातळ, आठ महिने काळा, तापलेला. सरकारी कागदातही तो पडीक म्हणूनच गणला जातो. पावसात त्याच कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवं उगवतात, निळी, गुंजेएवढी. किडे पकडून खाणारी. पानगेंदाचे पांढरे गेंद. दीपकाडीची पांढरी फुलं. ही दीपकाडी कोकणाखेरीज कुठे उगवत नाही. दगडाखाली पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल असते, तीही याच सड्यांवरची. त्याच दगडाखाली फुरसं. बेडकांची अंडी कातळातल्या डबक्यांत.

हे दगड उचलून कलमबागांचे गडगे रचले जातात. कातळ सुरुंगाने फोडतात, खड्ड्यात बाहेरची माती भरतात, कलम लावतात. कुठे चिऱ्याची खाण. मी कलमं लावणाऱ्यांच्याच घरातला. त्या पैशावर शिकलो. तरी सांगतो, सड्यावरचं जे गेलं ते दुसरीकडे नेऊन लावता येत नाही. कारण त्याला माती नको होती. त्याला तो उघडा कातळच हवा होता.

धनेश.

आमच्याकडे माडगरूड. जुन्या झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला चिणून घेते. विष्ठेने, चिखलाने दार लिंपते, चोच मावेल एवढी फट ठेवते. नर महिनोन्‌महिने फळं आणून भरवतो. पिल्लं बाहेर पडायची ती मेच्या सुमाराला, पावसाआधी. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून गेलं. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ रायगडात शिरलं होतं. अरबी समुद्रातली वादळं २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांच्या मानाने निम्म्याहून अधिक वाढली, असं पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी मोजलं. वादळात आधी पडतात ती जुनी, पोकळ झाडं. ढोली त्यांनाच असते.

राईतलं जायफळ.

दोडामार्ग तालुक्यात बांबार्ड्याला रानजायफळाची एक दलदल आहे, अडीच हेक्टरांच्या आसपास. मुळं गुडघ्यासारखी पाण्याबाहेर वाकलेली. बारमाही झऱ्यावर ती उभी आहे आणि देवाची म्हणून गावाने तिला कुऱ्हाड लावली नाही. २०२१ मध्ये सरकारने तिला जैवविविधता वारसास्थळ केलं. झरा जिथून येतो त्या डोंगरावर मात्र देवाचं राज्य नाही.

आंबोलीचा भेक.

यादी घाटमाथ्यावर पोचली.

सव्वा-दीड इंचाचा. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात वाघ. २००९ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं. जगात आंबोली आणि तिच्या आसपासच आहे. पहिल्या जोरदार सरींनंतर कातळावर एकदम शेकडो जमतात, आणि कातळातल्या चार बोटं खोल डबक्यांत अंडी घालतात. सगळं काही दिवसांतच. डबकं उथळ का, तर खोल पाण्यात मासे आणि शत्रू असतात. उथळ पाण्याची एकच अट: रोज पाऊस पडला पाहिजे. आंबोलीत तो पडायचाच.

एका जूनमध्ये मी तिथे तीन दिवस होतो. पाऊस येऊन गेला होता आणि उघडीप पडली होती. परातीएवढ्या एका डबक्यात भेकाची बारीक काळी पिल्लं वळवळत होती. पाण्याच्या कडेला मी जांभ्याच्या खड्याने कातळावर रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या एक बोट खाली होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी, तीन बोटं. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या डबक्यातून बाटलीने पाणी आणून ओतलं, पाच-सहा खेपा. पाणी रेघेला लागलं. दुपारी दरीतून धुकं वर आलं, कातळ ओला झाला, पण सर आली नाही. संध्याकाळी गाडी होती.